नावांचे इंग्रजी लेखन (बेळगाव सीमाभाग)

व्यक्तीचे नाव आणि त्याला लागणारी उपाधी रोमन लिपीत लिहिण्याची रीत. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मराठी नाव इंग्रजीत दोन वाटांनी जाते: थेट मराठीतून, नाहीतर सरकारी कन्नड नोंदीवरून. एकाच माणसाच्या दोन कागदांवर दोन स्पेलिंगे दिसतात ती बहुधा यामुळेच.

मुख्य घोळ शेवटच्या स्वराचा. ‘गणेश’मधला अखेरचा अ मराठीत उच्चारत नाहीत, कन्नडमध्ये उच्चारतात. कन्नड नोंद अक्षरशः रोमनमध्ये उतरवली की नावाच्या शेवटी ए चिकटतो आणि पाटीलचा ‘पाटीला’ होतो. ‘ज्ञ’ मराठी वळणाने डीएनवाय, कन्नड वळणाने जेएन. म्हणजे ज्ञानेश्वरचे आद्याक्षर एकीकडे डी, दुसरीकडे जे. ‘लता’मध्ये दक्षिणेच्या सवयीने टीपुढे एच येतो. उलट मराठी यल्लाप्पा आणि कन्नड यल्लप्प इंग्रजीत सहसा एकाच स्पेलिंगवर येतात, तिथे भांडण नाही. शहराचे नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून अधिकृतपणे बेळगावी झाले, पण बेळगावकर आडनावाचे स्पेलिंग आपोआप बदलत नाही.

मराठी क्रम नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, आडनाव असा. कन्नड रीतीत गावाचे वा वडिलांचे आद्याक्षर पुष्कळदा आधी येते, मात्र उत्तर कर्नाटकात आडनावेही रूढ आहेत. पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना वेगळा असतो. वडिलांचे नाव घालायचे तर ते दुसऱ्या रकान्यात, स्वतःच्या नावापुढे. आद्याक्षरे उलगडून पूर्ण लिहावीत. आडनावाचा रकाना रिकामा सोडू नये: एकच शब्द नाव असलेल्या पासपोर्टवर संयुक्त अरब अमिराती 2022 च्या नोव्हेंबरपासून पर्यटक व्हिसा देत नाही. आधारवरचे नाव साधारणपणे दोनदाच बदलता येते, म्हणून आधी दहावीच्या गुणपत्रिकेवरचे रूप पाहावे आणि बाकी कागद त्याच्याशी जुळवावेत.

आद्याक्षरे कोणत्या लिपीतून घ्यायची हाही प्रश्न आहेच. पु. ल. देवनागरीतून आले, गुरुनाथ आबाजी कुलकर्णी मात्र मराठीतही ‘गु. आ.’ न होता जी. ए. राहिले.

उपाध्यांत ‘मिस्टर’ आडनावाला किंवा पूर्ण नावाला लागतो, नुसत्या नावाला नाही: मिस्टर पाटील, मिस्टर सुरेश नव्हे. मिस्टर आणि डॉक्टर एकत्र येत नाहीत. संक्षेपापुढे ब्रिटिश वळणात टिंब नसते, अमेरिकनमध्ये असते. एका पत्रात एकच वळण पाळावे. नाइट (ब्रिटिश राजाने दिलेला किताब) झालेल्याचा ‘सर’ पहिल्या नावाला लागतो, म्हणून सर सिद्दप्पा कंबळी यांना सर सिद्दप्पा म्हणायचे, सर कंबळी नाही. आपल्याकडचे ‘पाटील सर’ म्हणजे मास्तर.

‘सौ.’ला इंग्रजीत नेमका जोड नाही. मिसेस लग्न सांगते, सौभाग्य नाही. ‘श्रीमती’ जास्त नाजूक. जुन्या मराठी रूढीत ती विधवेच्या नावाआधी, कन्नडमध्ये सुवासिनीलाही सर्रास. त्यामुळे सरकारी पत्रावर एसएमटी (श्रीमतीचा इंग्रजी संक्षेप) पाहून एखाद्या सासूबाईंच्या भुवया अजून चढतात. वैवाहिक स्थिती ठाऊक नसेल तर एमएस (‘मिझ’, लग्नाचा उल्लेख न करणारी उपाधी) लिहावे.

जुन्या दस्तांत ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. इंग्रजी नक्कल करताना तिथे ‘सन ऑफ’, ‘वाइफ ऑफ’चे संक्षेप घालावेत, नाहीतर कोम हेच मधले नाव होऊन बसते.