घाटेअळीचा पतंग

घाटेअळीचा पतंग म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. एवढं जड नाव घेतलं तर गावात कुणी ओळखणार नाही, पण याची अळी न बघितलेला माणूस सातारा-सांगलीत सापडणं अवघड, कारण बांधावर बसून हरभऱ्याचं डहाळं सोलून खाताना कधी ना कधी घाट्याला, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगेला, गोल भोक दिसतंच आणि त्यात तोंड खुपसून, निम्मं अंग बाहेर ठेवून बसलेली बाई सापडतेच. पतंग मात्र सहसा कुणी नीट बघत नाही. दिव्यावर येणारं अजून एक पाखरू म्हणून सोडून देतात.

पंख पसरले तर साधारण साडेतीन ते चार सेंटिमीटर. नर बहुतेक वेळा हिरवट-राखाडी किंवा पिवळसर, मादी तांबूस-तपकिरी. आता हे 'बहुतेक वेळा' महत्त्वाचं, कारण या पतंगाच्या रंगावर भरवसा ठेवायचा नसतो. पुढच्या पंखाचा रंग फिक्या पिवळ्यापासून विटकरीपर्यंत कुठलाही असतो, त्यावरचा मूत्रपिंडासारखा ठिपका एखाद्यात ठळक तर एखाद्यात पुसल्यासारखा. त्यातल्या त्यात खात्रीचे ते मागचे पंख, मळकट पांढरे आणि कडेला रुंद काळपट पट्टा. म्हणून पतंग पालथा बसलेला असेल तर हलक्या हातानं पुढचा पंख सरकवून बघायचं.

अळीचा घोळ तर याहून मोठा. हिरवी, पिवळी, गुलाबी, तपकिरी, जवळपास काळी, सगळ्या रंगांत मिळते. खाणं बदललं की रंग बदलतो हे खरं, पण एकाच हरभऱ्याच्या ओळीत शेजारी शेजारी हिरवी आणि काळपट अळी दिसते तेव्हा हे कारण पुरं पडत नाही. आमच्या रानात एकदा असंच झालं तेव्हा औषधाच्या दुकानदारानं या दोन वेगळ्या अळ्या आहेत म्हणून दोन वेगळ्या बाटल्या गळ्यात मारल्या, आणि आम्हीपण मुकाट्यानं पैसे मोजून आलो. अळी एकच होती. रंग सोडून बाजूची फिकी रेघ बघायची, ती डोक्यापासून शेपटापर्यंत दोन्ही अंगांना असते, आणि भिंगातून बघितलं तर कातडीवर बारीक काटे दिसतात. अजून एक खूण म्हणजे स्वभाव. एका डबीत चार ठेवल्या तर सकाळी चार उरत नाहीत, एकमेकींना खातात, म्हणून तर एका घाट्यात सहसा एकच अळी मिळते.

नावांचा पसारापण यातूनच झालाय. हरभऱ्यावर ती घाटेअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी, टोमॅटोवर फळ पोखरणारी, कपाशीवर हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी. माणसाला वाटतं पाच-सहा किडी आहेत. भारतात 180 च्या वर वनस्पतींवर ही नोंदलेली आहे, त्यामुळं पिकावरून नाव द्यायचं म्हटलं तर नावं पुरायची नाहीत. आणि कपाशीवरची गुलाबी बोंडअळी ही मात्र खरंच वेगळी, तिचं कुळसुद्धा वेगळं, त्यामुळं नुसतं 'बोंडअळी आली' म्हणून भागत नाही, कुठली ते विचारावं लागतं.

शास्त्रज्ञांचापण गोंधळ काही कमी झालेला नाही. 1808 च्या सुमाराला जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या याकोब ह्यूब्नर यांनी युरोपातल्या पतंगावरून याला नोक्टुआ आर्मिजेरा म्हटलं. पुढं तो हेलिओथिस या प्रजातीत (जीनस) गेला आणि आपल्याकडच्या जुन्या शेतकी पुस्तकांत कुठं हेलिओथिस तर कुठं क्लोरिडिया, कुठं आर्मिजेरा तर कुठं ओब्सोलेटा असं छापलेलं सापडतं, ते सगळं हेच पाखरू. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तर अमेरिकेतली मक्याची कणसं खाणारी अळी आणि आपली घाटेअळी एकच समजली जायची. 'अमेरिकन बोंडअळी' हे नाव बहुधा त्याच काळातलं. गंमत अशी की ज्या अळीला आपण अमेरिकन म्हणत होतो ती तेव्हा अमेरिकेत नव्हतीच, तिथली होती हेलिकोव्हर्पा झिया. 1953 साली ऑस्ट्रेलियाचे कीटकशास्त्रज्ञ कॉमन यांनी आणि मग 1965 साली कॅनडाचे कीटकशास्त्रज्ञ हार्डविक यांनी हे नीट निस्तरलं. हार्डविक यांनी हेलिकोव्हर्पा ही वेगळी प्रजाती केली, आणि ती रंगावरून नाही तर नर-मादीच्या जननेंद्रियांच्या रचनेवरून. आजपण पतंग पक्का ओळखायचा तर पोटाचं टोक कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, नाहीतर डीएनए तपासतात.

आज याचं कुळ नोक्टुइडी आणि उपकुळ हेलिओथिनी धरतात. उपजाती तीन मानल्या जातात: आशिया, युरोप आणि आफ्रिकेतली आर्मिजेरा (आपली ती हीच), ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची कॉन्फर्टा, आणि प्रशांत महासागरातल्या कँटन बेटावरची कॉमनी, जिला वरच्या कॉमन साहेबांचंच नाव दिलंय.

आपल्याकडं फसवणारी दोन भावंडं आहेत. एक हेलिकोव्हर्पा असल्टा, जी तंबाखू, मिरची, रानातली फोपटी अशा वांग्याच्या कुळातल्या झाडांपुरती राहते, हरभऱ्याकडं फिरकत नाही. दुसरी हेलिओथिस पेल्टिजेरा, करडईच्या बोंडांवरची. माण, जत, आटपाडीकडं करडई असायची तेव्हा ही जास्त दिसायची. असल्टा आणि आर्मिजेरा यांच्या माद्या नराला बोलवायला जो वास सोडतात तो त्याच दोन रसायनांचा असतो पण प्रमाण उलटं, एकीत जे भरपूर तेच दुसरीत चिमूटभर, आणि तेवढ्यावर नर आपली बाई बरोबर ओळखतो. कामगंध सापळ्यातली गोळी याच हिशेबानं बनवतात, म्हणून त्यात फक्त नर अडकतात आणि बहुतेक याच जातीचे.

प्रसार म्हणाल तर दक्षिण युरोप, आफ्रिका, सगळा भारतीय उपखंड, चीन, आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया, पॅसिफिकची बेटं. पतंग वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातो, त्यामुळं थंडीनं जिथं टिकत नाही तिथंपण उन्हाळ्यात पाहुणा म्हणून पोचतो, इंग्लंडमध्येसुद्धा. 2013 साली ब्राझीलमध्ये सोयाबीन आणि कपाशीवर सापडल्याची नोंद झाली, मग पराग्वे, अर्जेंटिना. तिथं झियाशी संकर झाल्याचंपण डीएनएवरून दिसलंय. म्हणजे हार्डविक साहेबांनी एवढ्या कष्टानं वेगळ्या केलेल्या दोघी परत एकत्र नांदायला लागल्या.

कृष्णाकाठापासून पूर्वेच्या दुष्काळी पट्ट्यापर्यंत याला वर्षभर काही ना काही मिळतं. पावसाळ्यात तूर, मका, सोयाबीन, दिवाळीनंतर हरभरा आणि शाळूची कणसं, उन्हाळ्यात पाण्याखालचा टोमॅटो, भेंडी, झेंडू. नुसत्या उसाच्या गावात ही फारशी दिसत नाही, पण त्याच गावात कुणी उसात हरभऱ्याचं आंतरपीक घेतलं की हजर. मादी अंडी एकेक करून सुटी घालते, कोवळ्या शेंड्यावर, फुलावर, कळीवर, एका मादीची हजारापर्यंत जातात. तीन-चार दिवसांत अळी, दोन-तीन आठवडे खाणं, मग जमिनीत कोष. हवा जुळली नाही तर कोष तसाच जमिनीत झोपून राहतो, म्हणून पीक निघाल्यावर नांगरट करून ठेवतात, कोष वर येतात आणि बगळे-साळुंक्या मागं मागं फिरून वेचतात.

हरभऱ्याच्या पानावरचा आंब, जो पहाटे फडकं फिरवून गोळा करायची पद्धत होती, त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं आणि ऑक्झॅलिक आम्लानं अळीची वाढ मंदावते असं दिसून आलंय. तरी तिनं हरभरा सोडला नाही, हा भाग वेगळा. आभाळ आलं की अळी वाढते असं आमच्याकडं सगळेच म्हणतात आणि फुलोऱ्यात दोन दिवस ढगाळ गेले की लोक सकाळी रानात जाऊन घाटे उलटे करून बघायला लागतात. सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ-दहा पतंग आले तर फवारणीचं बघायचं, तोवर पेरताना हरभऱ्यात टाकलेल्या ज्वारीच्या ताटांवर बसणारे कोतवाल पक्षी आपलं काम करत असतात.