रफार कुठे द्यायचा? मराठी वाचणाऱ्या मुलांमधील डिस्लेक्सिया

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील सीफर्ड गावातील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी 1896 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. पर्सी नावाचा हा मुलगा चुणचुणीत होता, खेळात पुढे होता आणि 749 गुणिले 867 हा गुणाकार त्याने झटपट व अचूक करून दाखवला; परंतु कित्येक वर्षे शिकूनही त्याला साधे शब्द वाचता येत नव्हते. स्वतःचे नावसुद्धा त्याने 'प्रेसी' असे लिहिले होते. सारे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. जन्मजात वाचन-अक्षमतेच्या, म्हणजे आज जिला डिस्लेक्सिया म्हणतात तिच्या, पहिल्या वैद्यकीय नोंदींपैकी ही एक मानली जाते. पर्सीच्या नावातला 'र' एक घर आधी सरकला होता, ही गोष्ट मराठी वाचकाने विशेष ध्यानात ठेवावी, कारण आपल्या लिपीत सर्वांत जास्त जागा बदलणारे अक्षर 'र' हेच आहे.

डिस्लेक्सियाविषयी आपल्याकडे जे चित्र रुजले आहे, ते बहुतांशी इंग्रजीवरून आले आहे. मुलाला अक्षरे उलटी दिसतात आणि ते 'बी'च्या जागी 'डी' वाचते, असे ते चित्र. मुळात वाचायला नुकतीच सुरुवात केलेली बहुतेक सर्व मुले काही काळ असा गोंधळ करतात, आणि देवनागरीत तर एकमेकांची आरशातली प्रतिमा वाटावीत अशा अक्षरांच्या जोड्याच नाहीत. घ आणि ध, भ आणि म ही अक्षरे सारखी दिसतात हे खरे, पण ती उलटी नव्हेत. त्यामुळे या एकाच खुणेची वाट पाहणाऱ्या मराठी पालकांना आपल्या मुलाची अडचण कधी दिसणारच नाही. दोष डोळ्यांत नसतोच. चष्म्याचा नंबर किंवा ऐकण्याची कमतरता नाही ना, एवढी तपासणी आधी अवश्य करावी. मात्र रंगीत काचा आणि डोळ्यांचे व्यायाम यांनी डिस्लेक्सिया सुधारतो याला पुरावा नाही, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ यांच्या संघटनांनी 2009 साली संयुक्तपणे स्पष्ट केले आहे.

मग अडते कुठे? लेखनकला जेमतेम पाच हजार वर्षांची आहे, आणि मानवी मेंदूच्या दृष्टीने हा काळ इतका अल्प आहे की वाचनासाठी स्वतंत्र केंद्र उत्क्रांत होण्यास सवडच मिळालेली नाही. बोलणे मूल ऐकता ऐकता शिकते; वाचणे त्याला शिकवावे लागते. शिकताना मेंदू वस्तू आणि चेहरे ओळखण्यासाठी असलेल्या भागांपैकी डाव्या बाजूचा, मागील व खालचा एक पट्टा अक्षरांच्या कामाला लावतो आणि त्याची सांगड ध्वनी ओळखणाऱ्या भागांशी घालतो. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांत ही सांगड नीट बसत नाही. त्यातही मुख्य अडचण ध्वनीच्या बाजूची असते: कानावर पडलेला शब्द त्याच्या लहानात लहान ध्वनींमध्ये सुटा करणे त्यांना जड जाते.

'कमळ' या शब्दातला 'क' काढला तर काय उरते, असे विचारल्यास बहुतेक मुले 'मळ' असे सहज सांगतात, कारण आपली अक्षरे बोलण्यातल्या तुकड्यांना धरून चालतात. परंतु 'पुस्तक' लिहायचे झाले की 'स्'ला त्याच्या स्वरापासून अलग ऐकावे लागते, आणि डिस्लेक्सिया असलेले मूल येथे अडखळून 'पुतक' किंवा 'पुसतक' लिहिते. 'कर्म' आणि 'क्रम' या दोन शब्दांत व्यंजने तीच आहेत. 'र' आधी उच्चारला की नंतर, एवढाच फरक, पण त्यासाठी एकीकडे रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो आणि दुसरीकडे रकार आधीच्या अक्षराच्या पोटात शिरतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. पहिल्या वेलांटीची तर आणखीच गंमत आहे: 'कि' म्हणताना 'क' आधी उच्चारायचा, पण कागदावर वेलांटी त्याच्या आधी उभी असते. ज्या मुलाच्या कानात ध्वनींचा क्रम पक्का आहे ते हे सारे विनातक्रार गिळते. ज्याचा तो क्रमच डळमळीत आहे, त्याच्यासाठी श्रुतलेखनाचा तास म्हणजे पायाखालची वाळू सरकण्याचा तास असतो.

तरीही मराठीची एक बाजू मुलांना सोयीची आहे. चिन्ह पाहिले की उच्चार बराचसा ठरतो. 'जग' हा शब्द विश्व या अर्थाने एका तऱ्हेने आणि 'तू जग' यात दुसऱ्या तऱ्हेने उच्चारला जातो, असे अपवाद आहेत. पण इंग्रजीच्या मानाने ते किरकोळ होत. याचा परिणाम कसा होतो, हे 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसले. त्यात इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी बोलणाऱ्या, डिस्लेक्सिया असलेल्या प्रौढांच्या मेंदूचे चित्रण केले होते. वाचताना तिघांच्याही मेंदूच्या डाव्या बाजूला एकाच भागातील हालचाल कमी आढळली, पण प्रत्यक्ष वाचनात इटालियन मंडळी इतरांपेक्षा सरस होती, कारण त्यांच्या भाषेत लिहिल्याप्रमाणे वाचता येते. मूळ एकच, पण लिपी बदलली की लक्षण बदलते.

मराठी या बाबतीत इटालियनच्या जवळची आहे, आणि माझ्या मते आपल्या शाळांत ही अडचण नजरेतून सुटते त्याचे महत्त्वाचे कारण हेच आहे. असे मूल तिसरी-चौथीपर्यंत बरेचसे अचूक वाचू लागते. शिक्षक उतारा वाचायला सांगतात, ते वाचते, आणि विषय तिथेच मिटतो. पण ते अक्षर-अक्षर लावत वाचते, ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत तिची सुरुवात विसरलेली असते, आणि वर्गातली इतर मुले ज्या वेळात पान संपवतात त्या वेळात त्याचा एक परिच्छेद होतो. अचूकतेपेक्षा वाचनाचा वेग आणि न पाहता लिहिलेले शुद्धलेखन या दोन गोष्टी मराठीत जास्त बोलक्या आहेत. मजकूर पाहून लिहिलेले सुंदर अनुलेखन काहीच सांगत नाही. कित्येक मुले चित्र काढावे तशी अक्षरे काढतात.

येथे एक सावधगिरी हवी. 'पाणी'ऐवजी 'पानी' लिहिणारे मूल बहुधा घरी बोलते तसेच लिहीत असते, आणि ही बोलीची खूण आहे, अक्षमतेची नव्हे. मेळघाटात घरी कोरकू किंवा नंदुरबारमध्ये भिली बोलणारे मूल मराठी पाठ्यपुस्तकापुढे थबकते, तेव्हा ते एक नवी भाषा शिकत असते. नियमित आणि धड शिकवूनही, मुलाच्या ओळखीच्या भाषेतसुद्धा जी अडचण हटत नाही, तिलाच अध्ययन अक्षमता म्हणायचे. वाचन, लेखन आणि गणित या तिन्हींतील अशा अक्षमता एकत्र धरल्या तर निरनिराळ्या भाषांमधील शाळकरी मुलांत त्यांचे प्रमाण 5 ते 15 टक्के असल्याचे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांची 2013 ची नियमावली सांगते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात किमान दोन.

ही दोन मुले म्हणजे मुलगेच असतात, असा समज फार काळ होता. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, संशोधकांनी शाळांनी अडचण असलेली म्हणून दाखवलेल्या मुलांवर न थांबता निवडलेल्या गटातील सर्वच मुलांची चाचणी घेतली, तेव्हा मुली आणि मुलगे यांच्यातील प्रमाण जवळजवळ सारखे निघाले. शाळा मात्र मुलगेच जास्त दाखवत होत्या, बहुधा ते वर्गात दंगा करतात म्हणून. गप्प बसून मान खाली घालणारी मुलगी कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. हा दोष घराण्यातून उतरतो हेही पुरेसे स्पष्ट आहे: 2022 साली डिस्लेक्सियाचे निदान झाल्याचे सांगणाऱ्या पन्नास हजारांहून अधिक प्रौढांच्या जनुकीय अभ्यासात त्याच्याशी निगडित 42 जागा सापडल्या. प्रत्येक जागेचा वाटा अगदी अल्प आहे, त्यामुळे रक्त तपासून निदान करता येईल अशी आशा धरू नये. आईच्या लाडामुळे किंवा मोबाईलमुळे डिस्लेक्सिया होतो, हे म्हणणे तर सोडूनच द्यावे.

यावर औषध नाही, शिकवण्याची पद्धत आहे. ध्वनी सुटे करणे, ते चिन्हाशी जोडणे आणि पुन्हा एकत्र आणणे, हे ठरावीक क्रमाने, थोडे थोडे, रोज आणि मोठ्याने करून घ्यावे लागते. जोडाक्षर फोडून दाखवावे, रफाराचे शब्द रकाराच्या शब्दांशेजारी ठेवून म्हणून घ्यावेत. तोच धडा दहा वेळा लिहायला लावल्याने फक्त बोटे दुखतात. अशा मुलांत चंचलता आणि अवधान टिकवण्याची अडचणही अनेकदा सोबत असते आणि तिचे निदान व उपचार वेगळे असतात. सकाळी शाळेच्या वेळी नेमके पोट दुखणे, आपण 'ढ' आहोत असे मनात बसणे, हे सारे मागाहून येते, पण पुष्कळदा पालक मुलाला डॉक्टरांकडे नेतात ते याच तक्रारीसाठी.

महाराष्ट्राने 1996 पासूनच अशा विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती देण्यास सुरुवात केली. जादा वेळ आणि लेखनिक या त्यांतल्या सर्वांना ठाऊक असलेल्या. देशाच्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. त्यानंतर 2018 साली आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी पहिली तपासणी तिसरी इयत्ता किंवा आठवे वर्ष या टप्प्यावर ठेवली. हे वय योग्य आहे, कारण त्याआधी साधा उशीर आणि खरी अक्षमता यांत फरक करणे अवघड असते. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ पालक प्रमाणपत्रासाठी धावतात ते नववीत, बोर्डाचे वर्ष समोर दिसू लागल्यावर. जादा वेळ तेव्हाही मिळतो, पण ध्वनी आणि अक्षर जोडून देण्याची सर्वांत सोपी वर्षे तोवर मागे पडलेली असतात.