जोडीदारासाठी सोडलेली नोकरी आणि बेरोजगारी भत्ता : पार्श्वभूमी

निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव या भागांतील मराठी घरांच्या सोयरिकी आजही कागल, गडहिंग्लज, चंदगड, कोल्हापूरकडे होतात. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला आणि त्याचाच चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला, तरी नातीगोती पूर्वीसारखीच चालू राहिली. साहजिकच, कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यातील नोकरी लग्नामुळे अथवा नवऱ्याच्या बदलीमुळे सोडून सीमेअलीकडे येणाऱ्या स्त्रीला बेरोजगारीचे काही साहाय्य मिळते का, हा येथील अनेक घरांचा प्रश्न आहे. उत्तर बहुधा नकारार्थीच असते आणि त्या नकाराची मुळे जुनी आहेत.

ब्रिटनने 1911 च्या राष्ट्रीय विमा कायद्याने काही उद्योगांत बेरोजगारीचा सक्तीचा विमा सुरू केला, तेव्हाच योग्य कारणाशिवाय आपणहून काम सोडणाऱ्याचा भत्ता सहा आठवडे रोखण्याची तरतूद त्यात होती. कुटुंबासाठी गाव बदलणे हे योग्य कारण मानायचे की नाही, हे अमेरिकेत राज्याराज्यांत निराळे ठरत आले. 2009 मध्ये तेथील केंद्र सरकारने जोडीदाराबरोबरचे स्थलांतर मान्य करण्यासारख्या सुधारणांसाठी राज्यांना जादा निधी देऊ केला.

भारतात मात्र मुळात बेरोजगारीचा विमाच नव्हता. 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने आजारपण, बाळंतपण आणि कामावरील इजा यांना संरक्षण दिले. 1953 मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात छाटणीची भरपाई आली, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचे वेतन. पण स्वेच्छानिवृत्ती छाटणीच्या व्याख्येबाहेर राहिली. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने 2005 मध्ये राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आणली, ती कारखाना बंद पडणे, छाटणी आणि कायमचे अपंगत्व यांपुरती. 2018 च्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी वेतनाच्या 25 टक्के, 2020 पासून 50 टक्के रक्कम, आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त 90 दिवस मिळू लागली. तेथेही गैरवर्तनाची शिक्षा, सेवानिवृत्ती आणि स्वेच्छानिवृत्ती वगळलेल्या आहेत. जोडीदाराबरोबर जाण्यासाठी दिलेला राजीनामा हे स्वतंत्र कारण म्हणून या मालिकेत कोठेच आलेले नाही.

अपवाद सापडतो तो 1952 च्या भविष्य निर्वाह निधी योजनेत. नोकरी सुटल्यावर सर्व रक्कम काढण्यासाठी तीत दोन महिने थांबण्याची अट होती, आणि लग्नासाठी राजीनामा देणाऱ्या स्त्री सभासदाला त्या अटीतून सूट होती. ही सूट मला अपुरीच नव्हे, तर एकांगीही वाटते. लग्नाला दहा वर्षे झाल्यावर नवऱ्याची बदली झाली तर ती लागू होत नव्हती, बायकोच्या नोकरीसाठी गाव सोडणाऱ्या पुरुषाचा तीत विचारच नव्हता, आणि मिळणारा पैसाही तिच्याच बचतीचा होता.

सीमाभागात यात राज्याची अट मिसळते. कर्नाटकाने 2023 मध्ये जाहीर केलेली युवानिधी योजना, जिच्यात बेरोजगार पदवीधरांना दरमहा 3,000 आणि पदविकाधारकांना 1,500 रुपये मिळतात, राज्याच्या रहिवाशांसाठी आहे. महाराष्ट्रात शिकून सून म्हणून आलेली मुलगी सहसा तीत बसत नाही. विमा आणि भविष्य निर्वाह निधी मात्र केंद्राचे असल्याने जुना विमा क्रमांक व यूएएन (भविष्य निर्वाह निधीचा कायमचा खाते क्रमांक) बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील नव्या नोकरीतही चालतो. सलग पाच वर्षे सेवा झालेली असल्यास राजीनाम्यानंतरही ग्रॅच्युइटी, म्हणजे सेवेबद्दल मालकाने द्यायची एकरकमी रक्कम, मिळते, आणि गाव सोडण्याच्या घाईत नेमका तोच अर्ज करायचा राहून जातो.