पार्श्वभूमी : कायद्याने वाचायला लावलेल्या दोन कादंबऱ्या

ऑक्टोबर २०२५ मध्ये फ्रँकफर्टच्या पुस्तक मेळ्यात फिलिपिन्स सन्माननीय अतिथी देश होता आणि त्यासाठी निवडलेले बोधवाक्य तिथला राष्ट्रपुरुष मानला जाणारा लेखक होसे रिसाल याच्या 'नोली मे तांगेरे' या कादंबरीतले होते. जर्मनीशी या कादंबरीचे नाते जुने आहे. तिची शेवटची प्रकरणे १८८६ मध्ये हायडेलबर्गजवळच्या एका खेड्यात, प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाच्या घरी राहून लिहिली गेली. १८८७ मध्ये बर्लिनमध्ये तिच्या दोन हजार प्रती छापल्या गेल्या, त्याही एका मित्राने उसने दिलेल्या पैशांवर. पण आज फिलिपिन्समधले प्रत्येक मूल तिचे नाव जाणते, याचे मोठे कारण १९५६ चा एक कायदा आहे. फिलिपिनो साहित्याच्या वारशाविषयी बोलताना तो तळटीपेत ढकलला जातो. वास्तविक बाकी बरेच काही त्याच्याभोवती फिरते.

त्याआधीचे थोडक्यात. १८७२ मध्ये तीन देशी धर्मगुरूंना कटाच्या आरोपावरून जाहीरपणे गळा आवळून देहदंड दिला गेला, तेव्हा रिसाल दहा वर्षांचा होता. 'फिलिबुस्तेरो', म्हणजे स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठणारा, हा शब्द त्याने तेव्हा प्रथम ऐकला. घरात तो उच्चारायलाही वडिलांनी बंदी केली होती. पुढे १८९१ मध्ये बेल्जियममधल्या गेंट शहरात छापलेल्या दुसऱ्या कादंबरीला त्याने याच शब्दावरून नाव दिले, 'एल फिलिबुस्तेरिस्मो', आणि ती त्या तिघांना अर्पण केली. दोन्ही पुस्तकांत वसाहतीतल्या स्पॅनिश मठवासी पाद्र्यांची सत्ता उघडी पाडली आहे. ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलात त्याला गोळ्या घालण्यात आल्या. दोन वर्षांत स्पेन गेले, अमेरिका आली आणि शाळांतून इंग्रजी आली. ज्या स्पॅनिश भाषेत त्याने लिहिले ती वाचू शकणारी पिढी त्याच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकात जवळजवळ संपत आली.

अशा वेळी, १९५६ च्या एप्रिलमध्ये, सिनेटमध्ये एक विधेयक आले. सर्व सरकारी आणि खासगी शाळा-महाविद्यालयांत या दोन कादंबऱ्यांचे वाचन सक्तीचे करावे, असा त्याचा आशय होता. ज्या सिनेटरच्या लेखणीतून ते उतरले तो अमेरिकी लष्करी तळांचा कडवा विरोधक होता. स्वातंत्र्य मिळून दहा वर्षे झाली तरी देश मनाने परतंत्र आहे, ही त्याची तक्रार होती.

कॅथलिक धर्मपीठाने विरोधाचे पत्रक काढले. त्यात आक्षेपार्ह उताऱ्यांची मोजदादच दिली होती. धर्मपीठाचा युक्तिवाद नीट ऐकून घेतला पाहिजे, कारण तो केवळ पुस्तकबंदीचा नव्हता. श्रद्धेची टवाळी करणारे पुस्तक राज्याने कॅथलिक विद्यार्थ्याला सक्तीने वाचायला लावणे हा त्याच्या सद्सद्विवेकावर घाला आहे, असे ते म्हणत होते. रिसालने मृत्यूच्या आदल्या रात्री आपली मते मागे घेतली, असाही दावा होता. तसा कागद १९३५ मध्ये मनिलाच्या धर्मप्रांताच्या दप्तरात सापडला होता आणि त्याच्या खरेपणावरचा वाद अजून मिटलेला नाही. निवडक उतारे टिपांसह शिकवावेत, ही तडजोड पुढे आली. कॅथलिक शाळा बंद कराव्या लागतील, असा इशारा दिला गेला. मग त्या सरकारने ताब्यात घ्याव्यात, असे उत्तर सिनेटमधून मिळाले.

अखेर जो मजकूर संमत झाला त्यात दोन्ही बाजूंसाठी दार उघडे ठेवले होते. दोन कादंबऱ्यांऐवजी रिसालचे जीवन, कार्य आणि सगळे लेखन असा व्यापक विषय ठरला, 'विशेषतः' या शब्दापुढे कादंबऱ्या राहिल्या. धार्मिक कारणासाठी शपथपत्र दिले तर विद्यार्थ्याला त्या वाचण्यातून सूट, पण अभ्यासक्रमातून सूट नाही. महाविद्यालयांत मात्र मूळ किंवा काटछाट न केलेली आवृत्ती, नाहीतर तिचा इंग्रजी अनुवाद, हेच पाठ्यपुस्तक. तागालोग आणि इतर प्रमुख भाषांत अनुवाद करून स्वस्त आवृत्त्या काढायच्या आणि गावोगावच्या मंडळांमार्फत फुकट वाटायच्या, यासाठी तीन लाख पेसो मंजूर झाले. १२ जून १९५६ रोजी राष्ट्राध्यक्ष रामोन मॅगसेसे यांनी सही केली. विनोबा आणि बाबा आमटे यांना मिळालेला पुरस्कार ज्यांच्या नावाने दिला जातो, तेच हे मॅगसेसे. पुढच्या मार्चमध्ये विमान अपघातात ते गेले.

कायद्यातला सर्वांत अवघड शब्द 'मूळ' हा आहे. मूळ स्पॅनिशमध्ये, वाचणारे बहुतेक इंग्रजीत किंवा तागालोगमध्ये. काटछाटीला कायद्याने अटकाव केला, अनुवादाला मोकळे सोडले. १९६१ मध्ये एका मुत्सद्द्याने केलेला 'नोली'चा इंग्रजी अनुवाद वर्गावर्गांत पोचला. तो वाचायला सुरेख आहे. पण मूळ गद्यात पेरलेले तागालोग शब्द त्यातून गळाले, आणि आपल्या काळाविषयी वर्तमानकाळात बोलणारा निवेदक सरसकट भूतकाळात गेला. आग्नेय आशियाच्या एका अभ्यासकाने १९९० च्या दशकात ही तुलना ओळीओळीने मांडली. धर्मपीठाला जे उतारे नको होते ते राहिले आणि ज्यामुळे पुस्तक वाचकाला आजचे वाटावे ते गेले, हे मला १९५६ च्या सगळ्या भांडणापेक्षा मोठे नुकसान वाटते. 'फिलिपिनो' हा शब्दसुद्धा या अनुवादात निसटतो. रिसालच्या काळात तो मुख्यतः बेटांवर जन्मलेल्या स्पॅनिश वंशाच्या लोकांसाठी होता, देशी माणसाला 'इंडियो' म्हणत. त्याचा अर्थ 'आपण सगळे' असा होत होता त्या वळणावर ही कादंबरी उभी आहे. आजचा वाचक त्यात आजचाच अर्थ वाचतो आणि ते वळण त्याला दिसत नाही. पुढे इंग्रजीत नवे अनुवाद झाले, १९९६ चा त्यातला एक मुळाशी अधिक इमान राखणारा. १९८७ च्या संविधानात स्पॅनिश ऐच्छिक झाली, म्हणजे अनुवादावरच सारे आले.

त्याच १९५६ सालची आणखी एक गोष्ट या कायद्याशेजारी ठेवून पाहावी. तागालोगमध्ये लिहिणारा एक कवी आणि कामगार पुढारी बंडाच्या खटल्यात १९५१ पासून तुरुंगात होता. रिसालच्या कायद्यावर सही झाली तेव्हाही तो आतच होता. पाच आठवड्यांनी सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला. बंडाला खुनासारखे गुन्हे जोडून वेगळा संयुक्त गुन्हा करता येत नाही, हा निकाल तिथले वकील आजही दाखल्याला काढतात. कवी १९६४ मध्ये निर्दोष सुटला, १९७० मध्ये वारला, आणि १९७३ मध्ये त्याला मरणोत्तर 'राष्ट्रीय कलावंत' हा किताब मिळाला. तो देणारी राष्ट्राध्यक्ष फर्डिनंड मार्कोस यांची राजवट तोवर लष्करी कायदा पुकारून वर्तमानपत्रांना टाळे लावून बसली होती.

त्या राजवटीत भाषेचा प्रश्न अगदी निराळ्या तऱ्हेने सुटला. १९७३ मध्ये एका मासिकात टोपणनावाने एक इंग्रजी कविता आली, वरवर ग्रीक पुराणकथेची. ओळींची पहिली अक्षरे उभी वाचली की मोर्चातली घोषणा निघत होती : मार्कोस, हिटलर, दिक्तादोर, तुता. तुता म्हणजे कुत्र्याचे पिल्लू, परक्याच्या मागे फिरणारे. लक्षात आल्यावर अंक परत घेण्याची धावपळ झाली. कवी पुढच्या वर्षी पकडला गेला आणि त्याचा छळ झाला. १९७६ मध्ये इंग्रजीत लिहिणाऱ्या एका थोर लेखकाला 'राष्ट्रीय कलावंत' किताब देऊ केला गेला, तेव्हा त्याने तो या कवीच्या सुटकेच्या अटीवर स्वीकारला. सुटका झाली. वारसा म्हणतात तो मला पाठ्यपुस्तकापेक्षा या अटीत अधिक दिसतो.

१९५६ च्या कायद्याची अंमलबजावणी मात्र ढिलीच राहिली. १९९४ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांना नव्याने आदेश काढून शिक्षणखात्याला तो पूर्णपणे पाळायला सांगावे लागले. २०१३ मध्ये उच्च शिक्षणाचा नवा आराखडा आला. त्यात फिलिपिनो भाषा आणि साहित्य हे महाविद्यालयातले सक्तीचे विषय राहिले नाहीत. ते शालेय वर्षांत उरकले जातील, असे सांगण्यात आले. प्राध्यापक आणि लेखक न्यायालयात गेले. काही वर्षे स्थगिती होती. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आराखडा वैध ठरवला आणि २०१९ च्या मार्चमध्ये फेरविचाराची मागणी फेटाळली.

त्या आराखड्यात रिसालचा अभ्यासक्रम तीन श्रेयांकांचा म्हणून शाबूत आहे, कारण त्याच्यामागे कायदा आहे. तुरुंगात कविता लिहिणारा, पुराणकथेत घोषणा दडवणारा, किताबाला अट घालणारा यांच्यामागे तसा कायदा नाही. ते वाचायला मिळतील की नाही हे आता ज्या त्या विद्यापीठाने ठरवायचे आहे.