खावटीपासून खात्यापर्यंत : महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यातील पतपुरवठ्याची पार्श्वभूमी

नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा भागात किंवा गडचिरोलीच्या भामरागड-एटापल्लीत बँक नीट का पोहोचत नाही, असे विचारले की अंतर, डोंगर आणि मोबाइलची रेंज ही कारणे पुढे येतात. ती खोटी नाहीत. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटत आला आहे. मात्र या भागातील उधारीचा इतिहास पाहिला, तर त्याहून जुने कारण समोर येते : आदिवासी कुटुंबाला पैसा नेमका कधी लागतो हे सावकार जितके जाणून होता, तितके कोणत्याही सरकारी यंत्रणेने मनावर घेतले नाही.

तो काळ पावसाळ्याचा. घरातले धान्य संपलेले, पीक अजून शेतात आणि हाताला मजुरी नाही, अशा दिवसांत सावकार खाण्यापुरते धान्य देत असे आणि सुगीला ते दीडपटीने, कधी दुपटीने वसूल करीत असे. हीच खावटी. पालेमोड पद्धतीत तर उभे पीकच आगाऊ आणि पडत्या भावाने व्यापाऱ्याच्या नावे होई. ठाणे जिल्ह्यातील लग्नगडी लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी वर्षानुवर्षे जमीनदाराकडे राबत असत. 1930च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश अधिकारी सिमिंग्टन यांनी मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात या स्थितीची नोंद आहे आणि 1945 मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारली उठले ते या वेठीविरुद्धच. खानदेशात भिलांच्या जमिनी कर्जाच्या वाटेने बिगर-आदिवासींकडे गेल्या, त्याचा उद्रेक 1972च्या सुमारास शहाद्यात झाला.

त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत राज्याने बरेच काही केले. 1972 मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले, 1974-75 मध्ये जमिनींचे हस्तांतर रोखणारे आणि गेलेल्या जमिनी परत देणारे कायदे झाले, तर 1976च्या कायद्याने आदिवासींशी होणारी सावकारी व व्यापार यांवर नियंत्रण आणून एकाधिकार खरेदीला, म्हणजे माल एकट्या सरकारी यंत्रणेनेच विकत घेण्याच्या पद्धतीला, आधार दिला. गावोगावच्या आदिवासी विविध कार्यकारी संस्थांमार्फत महामंडळ धान्य व वनोपज खरेदी करू लागले आणि पुढे खावटी कर्जही देऊ लागले. सावकाराचाच शब्द सरकारी योजनेला दिला गेला, यात गरजेची अचूक ओळख होती. परंतु खरेदी केंद्र वेळेवर उघडले नाही किंवा पैसे उशिरा आले, की शेतकऱ्याला पुन्हा आठवडी बाजारात रोख मोजणाऱ्या व्यापाऱ्याकडेच वळावे लागे. दुसरी अडचण या संरक्षणाच्या पोटातच होती. संस्थात्मक कर्जासाठी कायद्याने वाट मोकळी ठेवली असली, तरी जी जमीन बिगर-आदिवासीला सहजासहजी विकता येत नाही, ती बँकेच्या लेखी कमकुवत तारण ठरते. 2006च्या वनहक्क कायद्याने मिळालेला वनपट्टा वारसांकडे जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. हे संरक्षण सैल करावे असा याचा अर्थ नव्हे; जमिनीशिवाय कर्ज देण्याची तितकीच भक्कम सोय उभी राहिली नाही, ही खरी उणीव आहे.

बँकांचा विस्तार वेगळ्याच मार्गाने झाला. 1969 मध्ये राष्ट्रीयीकरण झाले आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासगटाच्या शिफारशींमधून त्याच वर्षी प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेवर सोपवणारी अग्रणी बँक योजना आली; 1975 पासून ग्रामीण बँका निघाल्या. 1977च्या नियमानुसार बँक असलेल्या ठिकाणी नवी शाखा हवी असेल, तर बँक नसलेल्या ठिकाणी चार शाखा उघडाव्या लागत. 1990 मध्ये ही अट गेली. दुर्गम तालुक्यांत या नियमामुळे शाखा आल्या, पण प्रामुख्याने तालुक्याच्या ठिकाणी.

पुढच्या टप्प्यात भर कर्जावरून खात्यावर गेला. रिझर्व्ह बँकेने 2006 मध्ये बँकांना गावातील प्रतिनिधीमार्फत, म्हणजे ‘बँक मित्रा’मार्फत, सेवा देण्यास मुभा दिली, रोजगार हमीची मजुरी बँक व टपाल खात्यांत जाऊ लागली, 29 सप्टेंबर 2010 रोजी शहादा तालुक्यातील टेंभली येथून आधारचे वाटप सुरू झाले आणि ऑगस्ट 2014 मध्ये जनधन योजना आली. शाखेची पायपीट काही प्रमाणात वाचली, हे मान्य करावे लागेल. तरीही बँक मित्राच्या यंत्रावर मातीकामाने झिजलेला अंगठा उमटत नाही, उमटला तर रेंज जाते, आणि दोन वर्षे व्यवहार न झालेले खाते निष्क्रिय झाले की केवायसीची कागदपत्रे घेऊन धावाधाव करावी लागते. ही सारी रचना सरकारी पैसा घरी पोहोचवण्यासाठी आहे. आषाढात हजार-दोन हजार उसने मागण्यासाठी ती नाही.

पावसाळ्याचा हिशेब राज्याने धान्यापुरता मात्र केला. मेळघाटातील बालमृत्यूंनंतर 1995-96 मध्ये आलेल्या नवसंजीवन योजनेत संपर्क तुटणाऱ्या गावांसाठी धान्य आधीच पोहोचवण्याची तरतूद झाली आणि नर्मदाकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना सुरू झाला. मध्यंतरी थांबलेली खावटी योजना कोरोनाच्या काळात अनुदान म्हणून परत आली : कुटुंबामागे 4,000 रुपये, निम्मे खात्यात आणि निम्मे वस्तुरूपात. परतफेड नसल्याने ती मदत होती, पतपुरवठा नव्हे.

अलीकडच्या काळात गडचिरोलीत वेगळा प्रयोग दिसतो. 2011 मध्ये मेंढा-लेखा या गावाला बांबूच्या वाहतूक परवान्यांचे अधिकार मिळाल्यानंतर अनेक ग्रामसभा बांबू व तेंदूपानांचा व्यवहार स्वतः करू लागल्या, आणि राज्याच्या 2014च्या पेसा (आदिवासी क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) नियमांनी ग्रामसभा कोषाला कायदेशीर रूप दिले. तेंदूचा हंगाम पावसाच्या तोंडाशी, मे महिन्यात संपतो. ठेकेदाराची रक्कम ग्रामसभेच्या खात्यात वेळेवर जमा झाली, तर नेमक्या टंचाईच्या महिन्यांत गावाकडे स्वतःचा पैसा असतो. तो कुणाला, किती आणि कोणत्या अटीवर द्यायचा हे मग गावातच ठरू शकते.