हॉरर गेममधली वाचायची पुस्तकं आणि त्यात लपलेला लोर

हॉरर गेममध्ये कपाटात, टेबलावर, कुणाच्या तरी उशाशी डायऱ्या, पत्रं, जुनी पुस्तकं पडलेली असतात, ती उघडून वाचता येतात आणि गेमच्या जगाचा जो मागचा इतिहास त्यातून कळतो त्याला गेमर लोक लोर म्हणतात. बरेच जण हे वाचतच नाहीत, भराभर बटण दाबून पुढे जातात, गेम संपतोही, पण तो नेमका कशाबद्दल होता हे त्या पानांतच राहून जातं.

1992 च्या अलोन इन द डार्कमध्ये डेरसेटो नावाच्या हवेलीत पुस्तकंच पुस्तकं आहेत आणि त्यातलं एक चुकीच्या जागी उभं राहून वाचलं की वाचणारा जागीच मरतो. नको ते जाणून घेणं जिवावर बेतू शकतं, ही भयकथालेखक लव्हक्राफ्टच्या कथांमधली थीम इथे कोणी बोलून दाखवत नाही, ती आपल्याच हातून घडते.

सगळ्यात गाजलेली म्हणजे रेसिडेंट ईव्हिलमधली (1996) प्राण्यांची देखभाल करणाऱ्या माणसाची डायरी. 9 मेला गडी पत्ते खेळतोय, दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे एक नवीन विचित्र प्राणी सांभाळायला येतो, मग लॅबमध्ये अपघात, मग अंगाला खाज, पाठीवर सूज, पायाला फोड, आणि जसजसा आजार वाढतो तशी वाक्यं तुटत जातात, तारखा विस्कटतात, शेवटच्या नोंदीत फक्त खाज आणि चविष्ट एवढंच उरतं. त्या अपघातात लॅबमधून सुटलेला व्हायरस काय करतो हे कुठेही समजावून सांगितलेलं नाही, एका माणसाची भाषा मरताना आपण वाचतो, आणि वाचून होतं तोच त्या खोलीतल्या कपाटातून तोच माणूस झॉम्बी होऊन बाहेर येतो. माझ्या मते या प्रकारातलं याहून चांगलं लिखाण क्वचितच सापडेल.

सायलेंट हिल 2 (2001) वेगळ्या वाटेने जातो. गेम जिथे घडतो त्या सायलेंट हिल शहराचं नाव कुठून आलं, ज्यांची जमीन हिरावून घेतली ते लोक या जागेला शांत आत्म्यांची जागा म्हणायचे, हे एका पुस्तकात येतं आणि ते पहिल्यांदा खेळताना मिळतच नाही. गेम एकदा पूर्ण केल्यावर अशा चार वस्तू गोळा करता येतात, त्यात दोन पुस्तकं आहेत, आणि चारही मिळाल्या तर नायकाच्या मेलेल्या बायकोला परत आणायच्या विधीचा शेवट उघडतो. म्हणजे दुःख सोडायला तयार नसलेला माणूस कुठवर जाईल, ही सबंध गेमची थीम या पुस्तकांनी एका टोकाला नेलेली आहे.

ॲम्नेशिया: द डार्क डिसेंटमध्ये (2010, कथा 1839 ची) तर डायरी आपलीच असते. आपण ज्याला खेळवतो त्या डॅनियलने स्वतःच स्मरणशक्ती घालवणारं औषध घेतलंय, त्याने आधी लिहून ठेवलेली पानं किल्ल्यात एकेक करून सापडतात, आणि ज्याला आपण बिचारा समजून चालवत होतो त्याने कैद्यांचे हाल केलेत हे हळूहळू कळत जातं. इथे राक्षसापेक्षा पुढचं पान उघडायची भीती जास्त वाटते.

त्याच वर्षीच्या ॲलन वेकमध्ये नायक लेखक आहे आणि त्याच्याच हस्तलिखिताची पानं अजून न घडलेलं आधीच सांगतात, आणि त्यातली काही पानं सगळ्यात अवघड लेव्हलवर खेळलं तरच हाती लागतात.