अडथळा पडला म्हणजे धावपटू बाद?

'अडथळ्यांच्या शर्यतीत एक जरी अडथळा पाडला, तरी धावपटू बाद' हा समज शाळेच्या मैदानापासून ऐकू येतो. आजचा नियम तसा नाही. अडथळा हाताने, अंगाने किंवा पुढच्या पायाच्या वरच्या भागाने पाडला, पाय अडथळ्याच्या बाजूने, त्याच्या वरच्या कडेच्या खालून नेला किंवा शेजारच्या धावपटूला अडवलं, तर बाद. एरवी अडथळा पडला तर फटका बसतो तो वेळेला, कारण लय तुटते.

समजाला मूळ मात्र आहे. १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळा शर्यतीच्या विजेत्याने शेवटचा अडथळा पाडला. सुवर्णपदक त्यालाच मिळालं, पण तेव्हाच्या नियमामुळे विश्वविक्रम लागला दुसऱ्या आलेल्याच्या नावावर! (आता तोही नियम नाही.)

खात्री करायची तर ११० मीटरच्या एखाद्या अंतिम फेरीचा व्हिडिओ पाहा, कोणी अडथळे पाडले ते टिपा आणि निकालपत्रात त्यांच्या वेळा शोधा.